भूमितीत व्यत्यासालाही गुण द्या



दहावीच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेत 'चौकटी पूर्ण करा' म्हणून अर्धी सिद्धता छापूनच देतात. मुले रिकाम्या चौकटींत कोनाचे, कसोटीचे नाव भरतात आणि गुण घेतात. चौकटी अचूक भरणाऱ्या मुलाला पक्ष कोणता आणि साध्य कोणते, हे कळलेले असतेच असे नाही.

नववीच्या गणित भाग 2च्या पहिल्याच प्रकरणात सशर्त विधान, त्याचे पूर्वांग ('जर'चा भाग), उत्तरांग ('तर'चा भाग) आणि या दोहोंची अदलाबदल करून होणारा व्यत्यास हे सारे आहे. पण 'यावर गुण किती?' या हिशेबात व्याख्या उतरवून घेऊन वर्ग पुढे सरकतो. मीही कित्येक वर्षे तसेच केले. मग हाच विषय बारावीत सत्यता सारणी होऊन येतो आणि पाठ केला जातो.

एकदा मी प्रत्येक बाकावर खराट्याच्या दोन सारख्या लांबीच्या काड्या दिल्या आणि विचारले, "चौरसाचे कर्ण समान आणि परस्परांना लंब असतात. मग ज्याचे कर्ण समान आणि लंब, तो चौरसच ना?" सगळा वर्ग "हो" म्हणाला. मागच्या बाकावरच्या मुलीने काटकोनात ठेवलेल्या काड्यांपैकी आडवी काडी हळूच वर सरकवली. टोके जोडली, तर पतंग! लांबी तीच, काटकोन तोच. फक्त कर्ण आता परस्परांना दुभागत नव्हते. व्यत्यास खोटा ठरवायला एक उदाहरण पुरते, हे त्या दिवशी मला वेगळे शिकवावे लागले नाही.

व्यत्यास ही पुस्तकी चैनही नव्हे. पायाची आखणी करताना गवंडी एका दोरीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट मोजतो आणि तिरके माप 5 फूट भरले की कोपरा गुण्यात आहे म्हणतो. पायथागोरसचे प्रमेय काटकोन गृहीत धरते. गवंड्याला तर काटकोन आहे की नाही, हेच ठरवायचे असते. त्याच्या कामी येतो तो व्यत्यास.

असे प्रश्न तपासायचे कसे, हा नेहमीचा आक्षेप. 'व्यत्यास लिहा, तो खोटा असल्यास आकृती काढून दाखवा' हा दोन गुणांचा प्रश्न घ्या. एक आकृती पाहायला चौकटी तपासण्याइतकाच वेळ लागतो. राज्य मंडळाने 40 गुणांच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेत असा एक प्रश्न दरवर्षी ठेवावा. परीक्षेत येते ते वर्गात शिकवले जाते, आणि याचा व्यत्यासही आपल्याकडे, दुर्दैवाने, खराच आहे.

– एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा