मानसशास्त्रीय चाचणी म्हटलं की पालक का दचकतात?

"म्हणजे आमचा मुलगा वेडा आहे का हो सर?"

पालकसभा संपल्यावर एका आईंना मी फक्त एवढंच म्हणालो होतो, की मुलाची एकदा मानसशास्त्रीय तपासणी करून घ्या. मुलगा चौथीत होता. तोंडी विचाराल ते सांगायचा, गोष्ट तर इतकी रंगवायचा की वर्ग गप्प बसून ऐके. पण वाचायला उभा केला की 'घर'चं 'धर' आणि 'भाकरी'ची 'माकरी'. फळ्यावरून उतरवताना अर्धी ओळ गळायची. चुकलेले शब्द दहा-दहा वेळा लिहायला लावणं, हा आपला नेहमीचा उपाय मीही करून पाहिला. उपयोग शून्य. आईंचे डोळे भरले आणि पुढची दोन वर्षं तपासणीचा विषयच निघाला नाही.

चूक माझी होती. तिथे नक्की काय करतात, हे मी सांगितलंच नाही.

तर काय करतात? आधी डोळे आणि कान तपासतात, कारण कधीकधी अडचण फक्त चष्म्याची असते. मग आईवडिलांशी बोलणं होतं: मूल कधी बोलू लागलं, घरी कसं वागतं. शाळेचा अहवाल आणि वह्या मागतात. (शिक्षकांनो, तो अहवाल 'अभ्यासात लक्ष नाही' एवढ्या तीन शब्दांत उरकू नका.) नंतर मानसशास्त्रज्ञ मुलासोबत एकटे बसतात. शब्दांचे अर्थ, कोडी, ठोकळे, आकडे लक्षात ठेवणं. कामतांनी मराठी-कन्नड मुलांसाठी बेतलेली बिने-कामत चाचणी आपल्याकडे अजून वापरतात. शिवाय वाचन, लेखन, गणित वेगळं तपासतात. दोन-तीन खेपा लागू शकतात. इंजेक्शन नाही, मशीन नाही, पास-नापास नाही. मुलाला घरी तयारी करून घेऊ नका, नाहीतर निष्कर्षच बिघडतो. झोप आणि नाश्ता मात्र नीट झालेला असू द्या.

अहवाल आला की सगळे बुद्ध्यांकावर झडप घालतात. १०० हा सरासरी आकडा, आणि साधारण दोन तृतीयांश माणसं ८५ ते ११५ मध्ये येतात. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची बुद्धी बहुधा सरासरी किंवा जास्तच असते. अडचण असते ती वाचन, लेखन किंवा गणितात. हा आकडा शिक्षकखोलीत सांगायचा नाही आणि नातेवाइकांनाही नाही.

माझं भांडण आहे ते वेळेवरून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात आणि त्यासाठी अधिकृत सरकारी केंद्राचं प्रमाणपत्र लागतं, खासगी अहवाल पुरत नाही. म्हणून दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी धावपळ सुरू होते. अहो, पण सात वर्षं त्या मुलाने 'आळशी', 'ढ' ऐकून घेतलं त्याचं काय? तिसरी-चौथीत शंका आली की तेव्हाच पाठवायला हवं. प्रमाणपत्र मिळेल तेव्हा मिळेल, शिकवायची पद्धत तर लगेच बदलता येते.

तो मुलगा शेवटी सहावीत गेला तपासणीला. वडील सोबत होते. मानसशास्त्रज्ञांचे प्रश्न ऐकता ऐकता ते म्हणाले, "मॅडम, मलाही शाळेत हेच व्हायचं." त्यांनी नववीत शाळा सोडली होती. अशा चाचण्या मोठ्यांच्याही होतात, हे त्यांना तिथेच पहिल्यांदा कळलं.

अहवालाच्या शेवटच्या पानावर शिफारशी होत्या. ओळीखाली पट्टी धरू द्या. तयारीशिवाय वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावू नका. उत्तर आधी तोंडी घ्या. आईंना विचारून मी तेवढ्याच पानाची झेरॉक्स काढली आणि त्याला शिकवणाऱ्या सगळ्यांना दिली. गणिताच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी त्याला शाब्दिक उदाहरण वाचून दाखवलं. त्याने ते तोंडीच सोडवलं.