रमाबाई कोणत्या पानावर?

अबू धाबीपासून पश्चिमेला सुमारे 240 किलोमीटरवर असलेलं आमचं रुवैस तेलशुद्धीकरणावर जगतं, आणि अशा कारखान्यात मॅन्युअलशिवाय पान हलत नाही. पंप बिघडला की कोणी ते पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. मागची सूची उघडायची, शब्द शोधायचा, थेट त्या पानावर जायचं. मराठी चरित्र किंवा इतिहासाचा ग्रंथ हाती घेतला, की मागे मात्र सूचीऐवजी बहुधा प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी असते. पाचशे पानांचा ग्रंथ सूचीविना छापणं हा वाचकावर अन्याय आहे.

आता सबबही उरलेली नाही. लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहिता लिहिता शब्दापाशी खूण करून ठेवायची. वर्डमध्येही तशी सोय आहे. मजकूर पुढेमागे सरकला तरी सूची पुन्हा काढली की पानांचे आकडे जुळतात.

अडतं ते वर्णक्रमापाशी. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये आहे. त्यामुळे नुसत्या संकेतांकांनी लावलं तर ‘काळ’ ‘काव्य’च्या आधी येतो, क्ष कच्या पोटात शिरतो आणि ज्ञ जच्या. आपल्या वर्णमालेत हे तिघं हनंतर येतात. लाटेकसाठी सूची लावून देणारा जुना प्रोग्राम मेकइंडेक्स हा क्रम जाणत नाही. त्याच कामाच्या अपमेंडेक्स या प्रोग्रामला मात्र मराठीचा क्रम लाव असं सांगता येतं. मराठी पुस्तकाला तोच वापरावा.

क्रम लागला तरी नोंदी निवडायला माणूसच लागतो. 1882 साली पुण्यात आर्य महिला समाज स्थापन झाला, त्या प्रकरणात ‘रमाबाई’ एवढाच शब्द धरून खुणा केल्या, तर पंडिता रमाबाई आणि रमाबाई रानडे एकाच नोंदीत कोंबल्या जातील. एकीची नोंद ‘रमाबाई, पंडिता’ अशी हवी, दुसरीची ‘रानडे, रमाबाई’. ‘लोकमान्य’पुढे ‘पाहा : टिळक’ हवं. पंडिताबाईंच्या नावापुढे नुसती चाळीस आकड्यांची रांग लावून वाचकाचं काय भलं होणार? तिथे ‘शारदा सदन’, ‘धर्मांतर’, ‘केडगाव’ अशा पोटनोंदी पाडायला हव्यात. आणि ज्या पानावर त्यांचा उल्लेख केवळ ‘त्या’ असा आहे, ते पान पुस्तक समजून वाचणाऱ्यालाच सापडेल.

म्हणून प्रकाशकांना माझं सांगणं आहे : सूचीकाराला मानधन द्या, लेखक-संपादकांसोबत त्याचं नाव छापा आणि शेवटचं प्रूफ पक्कं झाल्यावर छपाईची घाई न करता त्याला पंधरा दिवस द्या.