ज्येष्ठमधाचा डबा आणि जठरव्रणाचा रुग्ण

आयुर्वेदीय औषधी दुकानांच्या दर्शनी फळीवर अलीकडे एक नवे खाते उघडले आहे. पूर्वी जेथे अविपत्तिकर चूर्ण, सूतशेखर, कामदुधा ही औषधे असत, तेथे आता ‘पोटाच्या आरोग्यासाठी’ म्हणून आहारपूरकांचे डबे मांडलेले दिसतात. त्यांत ज्येष्ठमध असते, कोरफड असते, आवळा असतो. क्वचित जस्ताची गोळी किंवा ब्रोकोलीची पूडही असते. ग्राहक चिठ्ठी न आणता येतो, डबा उचलतो आणि जातो. या व्यवहारात वैद्य कोठेच नाही. आम्हांस खटकते ते एवढेच.

या डब्यांतील द्रव्ये निरुपयोगी आहेत, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. जठरव्रणावर आहारद्रव्यांचा उपयोग हा गंभीर संशोधनाचा विषय राहिला आहे. १९४९ साली कॅलिफोर्नियात गार्नेट चेनी यांनी कोबीच्या ताज्या रसाने व्रण लवकर भरतात, असे निरीक्षण प्रसिद्ध केले. रुग्णसंख्या मात्र अगदी थोडी होती. कच्च्या केळ्याच्या पुडीच्या व्रणरोधक गुणावरील लेख १९८४ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’सारख्या नियतकालिकात आला. जस्त व कार्नोसिन यांचे संयुग जपानमध्ये १९९४ पासून जठरव्रणावरील औषध म्हणून मान्य आहे; तेच अमेरिकेत आहारपूरक म्हणून विकले जाते. ब्रोकोलीच्या कोंबांविषयी २००९ साली जपानमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हेलिकोबॅक्टर पायलोरीची बाधा असलेल्या ४८ व्यक्तींपैकी एका गटास दररोज ७० ग्रॅम कोंब आठ आठवडे दिले. बाधेची व दाहाची लक्षणचिन्हे उतरली. परंतु कोंब थांबविल्यावर दोन महिन्यांत ती पूर्वपदावर आली. साहाय्य झाले, निर्मूलन झाले नाही. हा भेद डब्यावर कोणी छापत नाही.

आमच्या दृष्टीने या सर्वांत मुख्य द्रव्य ज्येष्ठमध हेच. मधुर, शीत, स्निग्ध, गुरु असे हे द्रव्य चरकाचार्यांनी संधानीय गणात घातले आहे. परिणामशूल व अम्लपित्ताच्या चिकित्सेत त्याचा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाच्या गाठीशी असेल. पाश्चात्त्य वैद्यकासही त्याची ओळख जठरव्रणाच्याच निमित्ताने नव्याने झाली. १९४६ साली हॉलंडमधील रेव्हर्स या वैद्याने ज्येष्ठमधाच्या घनसत्त्वाने जठरव्रण भरत असल्याचे नोंदविले आणि त्याच वेळी काही रुग्णांच्या अंगावर सूज येते, हेही प्रामाणिकपणे नोंदविले. पुढे १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ज्येष्ठमधातील घटकापासून कार्बेनोक्झोलोन हे औषध सिद्ध झाले. व्रण भरत, पण रक्तदाब चढे, पोटॅशियम घटे. पुढे सिमेटिडिन आले आणि ते औषध मागे पडले.

हे का घडते, ते आता चांगले ठाऊक आहे. ज्येष्ठमधातील ग्लायसिऱ्हायझिनपासून शरीरात जे आम्ल तयार होते, ते मूत्रपिंडातील एका विकरास रोखते. कॉर्टिसॉलला तेथे निष्क्रिय करणे, हे त्या विकराचे काम. ते थांबले की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनसारखे वागू लागते. मीठ व पाणी अंगात साठते, पोटॅशियम मूत्रावाटे निघून जाते. युरोपीय संघाच्या आहारविषयक वैज्ञानिक समितीने नित्य सेवनासाठी ग्लायसिऱ्हायझिक आम्लाची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम सुचविली आहे. मुळात हा घटक चार टक्के धरला, तर तीन ग्रॅम चूर्णात १२० मिलिग्रॅम होतो. म्हणजे आपली नेहमीची एक मात्राच ती मर्यादा ओलांडते. यावरून आपली मात्रा चुकीची ठरते, असे कोणी समजू नये. ती मात्रा रुग्णास, काही काळापुरती, वैद्याच्या नजरेखाली द्यावयाची आहे. युरोपातही औषध म्हणून ज्येष्ठमध चार आठवड्यांहून अधिक घेऊ नये, अशीच सूचना असते. डब्यावर मात्र ‘रोज दोन चमचे’ असते आणि किती दिवस, ते नसते. ग्लायसिऱ्हायझिन काढून टाकलेले ज्येष्ठमधही परदेशांत मिळते व त्यास हा दोष लागत नाही; पण आपल्याकडील साधे चूर्ण ते नव्हे, हे दुकानदार बंधूंनी ध्यानी घ्यावे.

आमच्याकडे आलेल्या एका गृहस्थांची हकिगत येथे सांगणे अवश्य वाटते. वय साठीच्या पुढे, गुडघ्यांचा संधिवात, वेदनाशामक गोळ्या जवळजवळ रोजच्या. गोळ्यांनी पोटात व्रण होतो, असे कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी एका दुकानातून ज्येष्ठमधाचे चूर्ण आणले आणि ‘आता काळजी नाही’ या आश्वासनासह सुमारे सहा महिने घेतले. ते आले ते पायांवरील सूज आणि थकवा घेऊन. पूर्वी कधी नसलेला रक्तदाब चढलेला. मलाविषयी विचारता ते सहज म्हणाले, “काळाच होतो की, मंडुराच्या गोळ्या चालू आहेत ना!” पोटात दुखत नव्हते. आम्ही त्यांस तत्काळ दुर्बिणीच्या तपासणीस पाठविले. जठरात व्रण निघाला आणि त्यातून रक्त झिरपत होते. ज्येष्ठमधाने जळजळ शमली, व्रण मात्र वाढत राहिला. वेदनाशामकांचा व्रण पुष्कळदा दुखतच नाही. त्यात लोहकल्पांनी मलाचा रंगही झाकला गेला. मंडूर आम्हीच दिला नव्हता, एवढेच आमचे समाधान. पण आपल्यापैकी कोणी तो देताना मलाविषयी आधी विचारतो काय?

दुसरी गोष्ट जंतूंची. पर्थ येथील वॉरन व मार्शल यांनी १९८२ साली हेलिकोबॅक्टर पायलोरी प्रयोगशाळेत वाढविला आणि २००५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्यातील काही ज्येष्ठ अजूनही या विषयास हसून बगल देतात. आम्हांस ते पटत नाही. निदान मिथ्याहारविहाराचे असो वा जंतूचे, बाधा सिद्ध झालेल्या रुग्णास केवळ आहारपूरकावर ठेवणे म्हणजे त्याचा व्रण पुन्हा उद्भवण्याची वाट पाहणे होय. प्रतिजैविकांच्या जोडीने आपली औषधे द्यावीत. त्यांच्या जागी देऊ नयेत.

राहिला कायद्याचा भाग. १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत पचनमार्गातील व्रणांचा स्पष्ट उल्लेख आहे. ‘अल्सर बरा होतो’ वा ‘अल्सर होऊ देत नाही’ असा औषधाचा फलक दुकानावर लावणे हा त्याखाली अपराध आहे. आहारपूरकासही रोगनिवारणाचा दावा अन्नसुरक्षेच्या नियमांनी वर्ज्य आहे. नोंदणीकृत वैद्यास आपल्या दवाखान्यात अमुक रोगाची चिकित्सा होते, असा फलक लावण्याची सवलत आहे. ती दुकानास नाही आणि ओळखीच्या दुकानासाठी ती वैद्याने उसनी देऊ नये.

आम्ही आमच्या परिचयातील दुकानदारांना एक विनंती केली आहे. ज्येष्ठमधाचा डबा देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: वेदनाशामक अथवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय, रक्तदाबाची वा मूत्रल गोळी चालू आहे काय, मल काळा होतो काय, वजन उतरले आहे काय. एकाचेही उत्तर होकारार्थी आले, तर डबा परत फळीवर ठेवावा आणि रुग्णास वैद्याकडे पाठवावे. एका दुकानदाराने आम्हांस सरळ सांगितले की, इतके विचारले तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. ते खोटे नाही. म्हणून हे प्रश्न एकट्या दुकानावर न सोडता आपल्या संघटनेने छापील पत्रक काढून सर्वच दुकानांत एकाच वेळी लावावे, असे आम्ही सुचवितो. मजकूर आम्ही लिहून देऊ. छपाईचा खर्च वाटून घेण्यास कोण तयार आहे, ते सभासदांनी कळवावे.