खुब्याचे हाड आणि आपली दिरंगाई
न्हाणीघरात पाय घसरून आजीचे खुब्याचे हाड मोडले, की घरातील मंडळी एकमुखाने निर्णय देतात : ‘या वयात शस्त्रक्रिया कशाला?’ ही दया नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना शय्याव्रण होतात, न्यूमोनिया जडतो, पायाच्या शिरेत रक्त गोठते. प्राण जातो तो बहुधा अशाच एखाद्या कारणाने. इंग्लंडमध्ये २०१० साली, ३६ तासांच्या आत शस्त्रक्रिया आणि इतर निकष पाळणाऱ्या रुग्णालयांना जादा मोबदला सुरू झाला. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करावे, असा तेथील दंडक आहे. आपल्याकडे हेच मोलाचे तास मुलांची वाट पाहण्यात, पैशांच्या जुळवाजुळवीत आणि (नाकारण्यात अर्थ नाही) हाडवैद्याच्या लेपाखाली जातात. रुग्णालयाची दिरंगाई तर कोणी मोजतच नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने अशा रुग्णांच्या दाखल होण्याची व शस्त्रक्रियेची वेळ शेजारी-शेजारी मांडून दरमहा प्रसिद्ध करावी.