आरोग्यचिंतन : आजोबांचे ताट

धर्माबादहून एका भगिनीचे पत्र आले आहे. घरी मिरचीची अडत. सासरे ६८ वर्षांचे. गेल्या महिन्यात त्यांच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ आढळली. हा रोग जंतूंमुळे होतो, असे कोणीतरी मोबाईलवर वाचून सांगितले. तेव्हापासून आजोबांचे ताट-तांब्या वेगळा झाला आणि नातवंडांना त्यांच्या खोलीत जाण्याची बंदी झाली. "आमचे चुकते आहे का?" असे त्या विचारतात.

होय, चुकते आहे. हा कर्करोग शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने कोणालाही होत नाही. ताट आजच एकत्र करावे.

मात्र मोबाईलवरील वार्ता सर्वस्वी निराधारही नव्हती. जंतू आणि कर्करोग यांचे नाते इतर अवयवांत सिद्ध झालेले आहे. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूच्या शोधाबद्दल मार्शल व वॉरेन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागील विषाणू दाखविणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली. मोठ्या आतड्याबाबत विषाणूंवरील संशय अद्याप सिद्ध झालेला नाही. जिवाणूंचे पुरावे मात्र वाढत आहेत.

२०११ साली अमेरिका व कॅनडातील दोन गटांना आतड्याच्या गाठींत फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जिवाणू विपुल आढळला. मौज अशी की, याचे मूळ घर आतडे नव्हे, तोंड! दातांवरच्या किटणात व सुजलेल्या हिरड्यांत तो राहतो. आपल्याकडे खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत डॉ. अमित दत्त यांच्या गटाने २०२२ साली हाच जिवाणू जिभेच्या काही कर्करोगांत दाखविला, आणि तो असलेल्या रुग्णांचे आयुर्मान कमी राहिल्याचे नोंदविले.

दुसरा संशयित आपल्या आतड्यात सर्रास आढळणाऱ्या ई. कोलायचा एक प्रकार. तो कोलिबॅक्टिन नावाचे विष निर्माण करतो. २०२५ साली ११ देशांतील ९८१ गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळिशीच्या आतील रुग्णांत या विषाच्या खुणा सत्तरीपुढील रुग्णांपेक्षा सुमारे ३.३ पट अधिक होत्या, आणि ही इजा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतच होत असावी, असा संशोधकांचा कयास आहे. तरीही ठिणगी जिवाणूंनीच टाकली की पेटलेल्या घरात ते मागाहून शिरले, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. म्हणून दुकानातून परस्पर ॲन्टिबायोटिक आणून घेण्याचा विचारही मनात आणू नये.

"आम्ही शाकाहारी, मग आम्हांला कसा?" हा प्रश्नही पत्रात आहे. लाल मांस हे या रोगाचे एक कारण, ते आपल्या घरी नाही, हे खरेच. बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत १९८७ पासून बार्शी, परांडा व भूम तालुक्यांची नोंद होते. तेथे हा रोग कमीच आढळत आला आहे. परंतु त्या ज्वारी-भाकरी खाणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसांचे संरक्षण गादीवर दिवसभर बसून मैदा, फरसाण व मिठाई खाणाऱ्यांस आपोआप लाभत नाही. तोंडात गुटख्याची पुडी असल्यास शाकाहाराचा अभिमान न सांगितलेला बरा.

पत्रातील एका ओळीने मात्र मी अस्वस्थ झालो. आजोबांना आठ महिने शौचातून रक्त जात होते. मूळव्याध समजून ते चूर्ण घेत राहिले. संकोचाने घरी बोलले नाहीत. मूळव्याध असूही शकते. पण ते गुदद्वाराच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी ठरवावे. शौचातील रक्त, बदललेली सवय, अकारण घटलेले वजन, पुरुषाचे कमी झालेले हिमोग्लोबिन, यांपैकी काहीही असता दुर्बिणीने आतड्याची तपासणी करावी. साधी गाठ कर्करोगात बदलण्यास बहुधा दहाएक वर्षे लागतात. तोवर ती दुर्बिणीतूनच काढता येते.

ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना हा रोग झाला, त्यांनी लक्षण नसतानाही चाळिशीत ही तपासणी करावी. नातलगास रोग लवकर झाला असल्यास, त्या वयाच्या दहा वर्षे आधी. या घरी दोन मुलगे आहेत, दोघेही चाळिशीपुढचे. मी त्यांच्याशी फोनवर बोललो. थोरले म्हणाले, मिरचीचा हंगाम आटोपल्यावर पाहू. धाकट्यांनी नांदेडची तारीख घेतली आहे.