रजनीकांतचे गाव सापडले, लखोबाचे काय?

धागा. विषय : तमिळ पडदा, मराठी रंगमंच आणि चुकीच्या जागी मिरवलेला अभिमान.

दर वर्षी १२ डिसेंबर जवळ आला की मराठी समाजमाध्यमांवर एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. शिवाजीराव गायकवाड नावाचा, घरी मराठी बोलणारा, बंगळूरच्या बसमधला कंडक्टर तमिळ पडद्याचा सम्राट झाला. सबब तमिळ सिनेमावर राज्य मराठी माणसाचेच. मजकुराखाली टाळ्यांचा पाऊस पडतो. कोणी पूर्वजांच्या गावाचा नकाशा डकवतो, कोणी गायकवाड आडनावाची व्युत्पत्ती सांगतो, कोणी बडोद्यापर्यंत पोहोचतो.

यातली मूळ माहिती खोटी नाही. रजनीकांतचे घर मराठीभाषक होते, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो इतिहासाच्या नावाखाली एवढेच सांगून थांबण्याबद्दल. मराठी आणि तमिळ कलाव्यवहाराचा संबंध एका माणसाच्या जन्मदाखल्यावर उभा केला, की त्या दाखल्याच्या मागे असलेली सबंध रंगभूमी दिसेनाशी होते. आणि गंमत अशी, की ज्या नावाने हा उत्सव चालतो ते 'रजनीकांत' हे नाव त्याच रंगभूमीतून आलेले आहे.

के. बालचंदर हे मद्रासच्या महालेखापालांच्या कार्यालयातले कर्मचारी. दिवसा सरकारी हिशेब, संध्याकाळी नाटक. त्यांच्या 'मेजर चंद्रकांत' या नाटकात एक अंध, निवृत्त लष्करी अधिकारी आहे आणि त्याचे दोन मुलगे आहेत, श्रीकांत आणि रजनीकांत. नाटक मद्रासमध्ये गाजले. हिंदी सिनेमाने ते उचलले आणि १९६५ साली 'ऊंचे लोग' हा चित्रपट आला. अशोक कुमार मेजर, राज कुमार आणि फिरोज खान त्याचे मुलगे. तमिळ चित्रपट त्यानंतर, १९६६ साली आला. म्हणजे 'रजनीकांत' हे पात्र तमिळ पडद्याआधी हिंदी पडद्यावर येऊन गेले होते. पुढे १९७५ च्या 'अपूर्व रागंगळ'साठी बालचंदरांना शिवाजीराव गायकवाड या नवख्या नटाला नवे नाव द्यायचे होते. तमिळ पडद्यावर एक शिवाजी, शिवाजी गणेशन, आधीच तळपत होता. बालचंदरांनी स्वतःच्या जुन्या नाटकातल्या पात्राचे नाव काढून या मुलाला दिले.

(शिवाजी गणेशन यांचे 'शिवाजी'ही नाटकातूनच आलेले. सी. एन. अण्णादुरै यांच्या शिवाजी महाराजांवरील नाटकातल्या भूमिकेमुळे व्ही. सी. गणेशन यांना हे नाव चिकटले. नावांच्या या अदलाबदलीवर वेगळा धागा होईल.)

आता खरा मुद्दा. 'अपूर्व रागंगळ'च्या एकच वर्ष आधी, १९७४ मध्ये, याच बालचंदरांनी 'नान अवनिल्लै' नावाचा चित्रपट केला. नायक जेमिनी गणेशन. तमिळ न जाणणाऱ्यांसाठी शब्द फोडून सांगायचे तर नान म्हणजे मी, अवन म्हणजे तो, इल्लै म्हणजे नाही. मराठी वाचकाला पुढे काही सांगण्याची गरज नसावी. हा आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'चा तमिळ अवतार आहे. शीर्षकाचे भाषांतर जवळजवळ शब्दशः झाले. फक्त अत्र्यांचा तो उर्मट 'च' वाटेत गळला.

रजनीकांतच्या वाढदिवसाला अभिमानाने ऊर भरून येणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे? ज्या दिग्दर्शकाने मराठी घरातल्या मुलाला तमिळ नाव दिले, त्यानेच वर्षभर आधी मराठी नाटकाला तमिळ नाव दिले होते. पहिली घटना प्रत्येक मजकुरात असते, दुसरी क्वचितच कुठे. पहिल्या घटनेत मराठी माणसाचे कर्तृत्व काय, तर एका घरात जन्म घेणे. दुसरीत एका मराठी लेखकाची संहिता दुसऱ्या भाषेतल्या अव्वल दिग्दर्शकाला पुरून उरली. अभिमान बाळगायचाच असेल, तर दोन्हींपैकी अधिक वजनदार कोणती?

नाटकाचा तपशील नव्या वाचकांसाठी. माधव काझी नावाच्या भामट्याच्या खऱ्या प्रकरणावर अत्र्यांनी हे नाटक बेतले. मो. ग. रांगणेकरांच्या 'नाट्यनिकेतन'ने ते ऑक्टोबर १९६२ मध्ये दिल्लीत रंगमंचावर आणले, दिग्दर्शन रांगणेकरांचे. आरोपी निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे. नावे बदलून, वेष बदलून, लग्ने करून, माणसे बुडवून तो कोर्टात उभा आहे आणि प्रत्येक साक्षीदाराला शांतपणे सांगतो आहे की तुमचा तो मी नव्हेच. वकील नाही, स्वतःचा बचाव स्वतःच करतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आघाडीवर असलेल्या लेखकाने आपली ओळख नाकारणाऱ्या माणसाचा पत्ता निपाणीचा द्यावा, जे गाव १९५६ नंतर कोणत्या राज्याचे यावर रणे माजली होती, हा योगायोग असला तरी लक्षात राहण्याजोगा आहे.

प्रभाकर पणशीकरांनी त्यात पाच रूपे केली : लखोबा, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज आणि दाजीशास्त्री दातार. फिरता रंगमंच हा या प्रयोगाचा कणा. साक्षीदार बोलू लागला की मंच फिरतो, कोर्ट मागे जाते, भूतकाळ पुढे येतो; तो संपला की पुन्हा कोर्ट आणि पिंजऱ्यात पुन्हा लखोबा. प्रेक्षक गुंतत असे तो दोन पातळ्यांवर. एक, हा माणूस सापडणार का? आणि दुसरी, नाटकाबाहेरची : आताच राधेश्याम महाराज होऊन गेलेला नट इतक्या लवकर लखोबा होऊन कसा परतला? हसू या दुसऱ्या पातळीवर फुटते. समोर उभा असलेला माणूस तोच आहे हे साऱ्या थिएटरला दिसते आहे, आणि तो सरळ चेहऱ्याने नाही म्हणतो आहे. प्रेक्षक स्वतःच साक्षीदार होतो आणि साक्षीदार म्हणून हरतो.

सिनेमात ही दुसरी पातळी टिकणे अवघड. कॅमेऱ्याला घाई नसते. नटाला वेष बदलायला सबंध दिवस मिळतो, आणि हे प्रेक्षकाला माहीत असते. त्यामुळे 'नान अवनिल्लै' हा केवळ अनुवाद राहू शकत नव्हता. रंगमंचावरच्या चापल्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढणे भाग होते. ती भरली जेमिनी गणेशन यांच्या प्रतिमेने. तमिळ प्रेक्षक त्यांना 'कादल मन्नन', प्रेमाचा राजा, म्हणत. वीस वर्षे ज्याच्या प्रेमावर प्रेक्षकांनी विश्वास ठेवला, त्या चेहऱ्याचा नट आता एकामागून एक स्त्रियांना फसवतो आणि कोर्टात हात झटकतो. पणशीकरांचा प्रयोग नटाच्या वेगावर उभा होता, बालचंदरांचा चित्रपट नटाच्या पूर्वेतिहासावर. या भूमिकेसाठी जेमिनी गणेशन यांना सर्वोत्कृष्ट तमिळ अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. २००७ मध्ये याच नावाने चित्रपट पुन्हा निघाला आणि २००९ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. निपाणीचा तंबाखूवाला एकविसाव्या शतकातल्या चेन्नईतही नाही म्हणतच राहिला.

येथपर्यंत वाचून काही जणांच्या बोटांना खाज सुटली असेल : "म्हणजे दक्षिणेने आमचे नाटक ढापले!" हा दुसरा आजार, आणि पहिल्यापेक्षा वाईट. पहिला केवळ आळशी आहे. या दुसऱ्याला स्वतःच्या घरातले कपाट उघडून पाहण्याची हिंमत नाही.

ते कपाट उघडूच. 'संगीत संशयकल्लोळ' मराठी रंगभूमीचे भूषण. गोविंद बल्लाळ देवलांनी ते आर्थर मर्फीच्या १७६१ मधल्या इंग्रजी प्रहसनावरून घेतले, मर्फीने मोलिएरवरून. 'झुंजारराव' म्हणजे ऑथेल्लो. 'मोरूची मावशी' खुद्द अत्र्यांची, आणि तिची आजी ब्रँडन थॉमसची १८९२ मधली 'चार्लीज आन्ट'. विजय चव्हाणांची मावशी पाहून हसताना कोणी लंडनकडे भरपाई पाठवली नाही, आणि ते योग्यच होते. कारण मावशी नऊवारीत शिरली तेव्हा ती पुरती इथली झाली होती. मग लखोबा वेष्टी नेसला की ती चोरी कशी? परभाषेतले प्रहसन आपलेसे करणे ही मराठी रंगभूमीची शंभराहून अधिक वर्षांची रीत आहे. तीच रीत तमिळांनी पाळली तर तोंड वाकडे करणे हा दुटप्पीपणा.

तिसरी समजूतही येथेच निकालात काढावी : विनोदी सिनेमा ही नटांची निर्मिती. तमिळ सिनेमाकडे पाहिले तर हा दावा टिकत नाही. १९४१ चा 'सभापती' हा तमिळमधला आजही नावाजला जाणारा विनोदी चित्रपट पम्मल संबंध मुदलियार यांच्या नाटकावरचा. हे गृहस्थ पेशाने न्यायाधीश, आणि १८९१ मध्ये मद्रासमध्ये सुगुण विलास सभा स्थापन करणाऱ्यांतले प्रमुख. 'सर्व्हर सुंदरम' (१९६४) आणि 'एदिर नीच्चल' (१९६८) ही बालचंदरांची नाटके. नागेश त्यांतून घडला. मेहमूदने १९७१ साली दोन्ही हिंदीत केली, 'मैं सुंदर हूँ' आणि 'लाखों में एक'. मुंबईत मेहमूदच्या विनोदावर जे हसले, ते नकळत मद्रासच्या एका सरकारी कचेरीतल्या लेखकाला हसत होते.

तमिळांनी हे ऋण विसरू नये म्हणून जणू नटांच्या नावांतच कोरून ठेवले. सुंदरराजन यांनी मेजर चंद्रकांत साकारला आणि ते जन्मभर 'मेजर' सुंदरराजन राहिले. कमल हासनच्या अनेक विनोदी चित्रपटांचे संवाद लिहिणाऱ्या मोहन यांच्या नावाआधीचे 'क्रेझी' त्यांच्या नाटकातून आले. नाव उच्चारले की नाटक आठवते. मराठीत लक्ष्मीकांत बेर्डे म्हटले की 'अशी ही बनवाबनवी' आठवते. 'टूरटूर' आठवणारे कमी, आणि बेर्डे कधीकाळी मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला होते हे जाणणारे त्याहून कमी. 'बनवाबनवी'चे लेखक वसंत सबनीस म्हणजे 'विच्छा माझी पुरी करा'चे लेखक, दादा कोंडक्यांना उभे करणाऱ्या वगनाट्याचे कर्ते. 'सोंगाड्या'ही त्यांचाच. पण मीममध्ये चेहरा असतो, लेखक नसतो.

आणि दोन्ही शहरांतले साम्य पाहा. बालचंदर लेखापालांच्या कचेरीत, नागेश रेल्वेत. इकडे अशोक सराफ स्टेट बँकेत. मद्रासमध्ये सभा, मुंबईत राज्य नाट्यस्पर्धा आणि कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा. पगारावर घर चालवून संध्याकाळी तालमीला जाणाऱ्या माणसांनी दोन्ही भाषांतला विनोद घडवला. आडनावांचा मागोवा घेणाऱ्यांना हे नाते दिसत नाही, कारण ते रक्ताचे नाही. ते हजेरीपटाचे आहे.

हा सगळा व्यवहार कोणत्या काळात चालू होता, हेही ध्यानात घ्यावे. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि मुंबईतल्या कारकुनी नोकऱ्या दाक्षिणात्यांनी बळकावल्या हा तिचा पहिला प्रचार होता. १९६८ मध्ये मद्रासेत बनलेल्या हिंदी चित्रपटांविरुद्धही मुंबईत आंदोलन झाले. 'मद्रासी कारकून' हा शब्द शिवीसारखा वापरला जात होता, तेव्हाच एका मद्रासी कारकुनाच्या नाटकांवर हिंदी चित्रपट निघत होते. आणि काही वर्षांतच तो, तोवर नोकरी सोडून दिग्दर्शक झालेला, मराठी नाटक हाती घेणार होता. रस्त्यावरचा इतिहास आणि रंगमंचावरचा इतिहास एकाच दशकात परस्परविरुद्ध दिशांना चालले होते. पहिल्यावर पुस्तके आहेत. दुसऱ्याला तळटीपही मुश्किलीने मिळते.

साकीनाक्याच्या चौकातून एक रस्ता चांदिवली स्टुडिओच्या दिशेने जातो. अंधेरी–कुर्ला रस्त्यालगतच्या वस्त्यांत मराठी दाराला लागून तमिळ दार असणे नवलाचे नाही. तिथल्या एखाद्या घरात कोणी आजोबा 'नान अवनिल्लै' म्हणत हसत असतील आणि पलीकडच्या घरात कोणी आजी लखोबाच्या आठवणीने. मधली भिंत वीतभर जाडीची. येत्या १२ डिसेंबरला पूर्वजांच्या गावाचा नकाशा डकवण्याआधी कोणीतरी ती ठोठावावी आणि पलीकडच्यांना विचारावे, जेमिनी गणेशनचा तो कोर्टातला सिनेमा आठवतो का.