एकोणीस वर्षं आणि दहा आकडे

परवा सकाळी बागेतल्या आमच्या कट्ट्यावर एक गृहस्थ छाती फुगवून सांगत होते, "बावीस वर्षं मस्कतला काढली, पण अरबीचा एक शब्द शिकावा लागला नाही!" सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. आदल्याच दिवशी याच कट्ट्यावर, बाहेरून आलेले लोक मराठी का शिकत नाहीत, यावर तावातावाने चर्चा झाली होती. माना तेव्हाही अशाच डोलल्या होत्या!

मला राग आला, पण बोलायला तोंड नव्हतं. ते गृहस्थ हिशेबनीस होते. मी तर भाषेचा मास्तर.

मी मराठी माध्यमाचा बी.ए., वर बी.एड. १९८४ साली मालदीवमधल्या एका बेटावर इंग्रजी शिकवायला गेलो, तो २००३ साली परत आलो. दिवेही (ही तिथली भाषा) आणि इस्लाम हे विषय सोडले तर आमच्या शाळेत सगळं इंग्रजीतून. म्हणून भारतातले, श्रीलंकेतले आम्ही मास्तर. करारात पगार होता, खोली होती, सुट्टीचं विमानाचं तिकीट होतं. मुलांची भाषा शिकण्याबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. वेळ नव्हता म्हणावं तर अर्ध्या तासात पायी फिरून होणारं बेट ते! संध्याकाळी आम्ही पत्ते खेळायचो.

आमचं समर्थन तयार असायचं. मास्तरला मुलांची भाषा येत नसली की मुलं झक मारत इंग्रजी बोलतात म्हणे. साफ खोटं! मुलं गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्या वर्गाला आपण शिस्तीचा वर्ग म्हणतो.

एकदा एका मुलाची आई शाळेत आली. बराच वेळ हातवारे करून काहीतरी सांगत होती. दुभाषा कोण, तर तिचाच मुलगा. तो म्हणाला, "शी इज सेइंग थँक यू, सर." मी हसून मान डोलावली. वर्ष संपताना दिवेही शिकवणाऱ्या सहकाऱ्याने सहज सांगितलं, की त्या पोराला डाव्या कानाने ऐकू येत नाही, त्याला पुढे बसवा, एवढंच ती सांगायला आली होती. वर्षभर मी त्याला शेवटच्या बाकावर बसवून, लक्ष देत नाही म्हणून उभा करत होतो. तोवर तो शाळा सोडून बापाबरोबर मासेमारीला जायला लागला होता.

आणि ही भाषा आपल्याला परकी तरी किती? एके, तिने, अशे, नुवये, दिहये... म्हणजे एक, तीन, आठ, नऊ, दहा! माशाला मस. आपल्या 'प'च्या जागी पुष्कळदा 'फ', म्हणून पाच म्हणजे फहे. आपल्यासारखंच क्रियापद शेवटी. इंग्रजी वाक्यात मुलं कुठे आणि का अडखळतात, हे मराठी माणसाला एका मिनिटात कळलं असतं. इंग्रजीतला 'अटॉल' हा शब्द त्यांच्याच 'अतोळु'वरून आलेला. इंग्रजाला न झेपलेला तो 'ळ' आपल्याला बाळपणापासून येतो! त्यांची ताना लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि तिची पहिली नऊ अक्षरं अरबी अंकांवरून घेतलेली आहेत. हे सगळं मी परत आल्यावर वाचलं. तिथे असताना शिकलो ते दहापर्यंतचे आकडे, तेही दुकानदाराने फसवू नये म्हणून.

आता आपली मुलं-मुली थायलंड, व्हिएतनामला इंग्रजी शिकवायला जातात. माझं सरळ म्हणणं आहे, पहिला करार संपेपर्यंत ज्या मास्तरला विद्यार्थ्याच्या आईशी तिच्या भाषेत चार वाक्यं बोलता येत नाहीत, त्याचा करार वाढवू नये. वाढीव पगार तर नकोच.

काल कट्ट्यावर हे सगळं एकदाचं बोलून टाकलं. मस्कतवाले गृहस्थ म्हणाले, "अहो मास्तर, पण त्यावाचून तुमचं काय अडलं?"

माझं काहीच अडलं नाही. पगार दर महिन्याला वेळेवर होत होता.